वांगेकर, गाजरे आणि आमचे साडू

आमच्या साडूंच्या मते या पृथ्वीतलावर नाव घेण्यासारखी खानदानं दोनच आहेत: एक वांगेकर आणि दुसरे गाजरे. बाकीची सगळी झाडंझुडपं म्हणजे लग्नात जेवून जाणारी, पण नवऱ्याकडची की नवरीकडची हे कुणालाच सांगता न येणारी मंडळी. ही आडनावं त्यांनी स्वतः दिली आहेत. वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू, धोत्रा हे सगळे वांगेकर. गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू आणि हिंग हे सगळे गाजरे. माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत जे काही खातो, चघळतो, फुंकतो आणि पोट दुखल्यावर गिळतो, ते या दोन घरांतूनच येतं, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. भाताचं काय, गव्हाचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. “ते गवत आहे,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्या रात्री पोळी तोडताना आपण बैलांच्या पंगतीला बसलो आहोत असं मला वाटत राहिलं.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. हे नातं देवानं केवळ तुलनेसाठी निर्माण केलं असावं. आमच्या घरात दिवसाची सुरुवात “दाजींनी कधी असं केलं नसतं” या वाक्यानं व्हायची. दाजी म्हणजे हेच. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, त्यामुळे मी त्यांना ‘साडूभाऊ’ म्हणतो आणि ते मला ‘पाव्हणे’ म्हणतात. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी मी पाव्हणाच आहे. तापी आमच्या खानदेशातून वाहत सुरतेला येते, तसेच ते विशीत वाहत आले, उधन्याच्या एका मिलमध्ये रंगखात्याला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. रंगाच्या टाकीवर वाकून नुसत्या वासावरून “आज लाल जरा चढलाय” असं ते सांगत, आणि सुपरवायझर यंत्र न बघता टाकीचा नळ सोडत असे, अशी ख्याती. मी मात्र रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात साड्यांना नावं ठेवतो. म्हणजे तशी नव्हे, तशी ठेवायला घरात बायको आहे. नवी डिझाइन आली की तिला नाव द्यायचं, ही माझी नोकरी. ‘मोरपिसारा’, ‘केशरकळी’, ‘नणंद स्पेशल’ ही सगळी माझीच अपत्यं. साडूंना हा धंदा मुळीच मान्य नाही. “पाव्हणे, सगळ्या साड्या एकाच धाग्याच्या, एकाच रंगाच्या. तुम्ही ओळख न पटवता नाव देता,” असं ते म्हणतात, आणि दुर्दैवानं ते खरं आहे.

ओळख पटवण्याचे त्यांचे नियम कडक आहेत. वांगेकर डोळ्यांनी ओळखायचे. फुलाच्या पाच पाकळ्या, पण बुडाशी एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे एकत्र कुटुंब. मधोमध पिवळी चोच. आणि फळ धरलं तरी डोक्यावरची हिरवी टोपी काढायची नाही. “वांगं बघा, मिरची बघा, टोमॅटो बघा. लहान असो, मोठा असो, टोपीशिवाय बाहेर पडणार नाही.” बटाटा हा त्यांच्यातला मातीत तोंड लपवून बसलेला भाऊ, पण फुलला की चोरी उघडी पडते. धोत्रा म्हणजे वेडा चुलता; त्याला महादेवाच्या पिंडीवर बसवायचं, घरात घ्यायचं नाही. तंबाखू हा घराण्यातला वाया गेलेला मुलगा, आणि तो साडूंच्याच खिशात असतो. गाजऱ्यांची तऱ्हा वेगळी. ते छत्रीवाले. एका दांड्याच्या टोकाला काड्यांचा झुबका, प्रत्येक काडीवर पुन्हा बारीक काड्या, त्यांवर इवलाली फुलं, जणू वाऱ्यानं उलटलेली छत्री. पान चिंध्या झालेलं, दांडा बहुधा पोकळ, बी दोन फाकांचं. पण एवढं बघूनही गाजऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. ते नाकानं ओळखायचे. बी तळहातावर चोळायचं, डोळे मिटायचे आणि श्वास आत घ्यायचा. हिंग ही त्यांच्यातली दूरदेशी दिलेली आत्या. ती येते एवढ्याशा डबीतून, पण आल्याचं अख्ख्या आळीला कळतं. जिभेचा नंबर शेवटचा, तोही ओळख पटल्यावर. “ज्यानं आधी जीभ लावली, त्याला आपण तेराव्याला भेटू,” हा त्यांचा नियम क्रमांक एक.

अशा माणसाबरोबर जेवायला बसणं म्हणजे वधूवर सूचक मंडळात बसणं. खानदेशी भरीत हे त्यांच्या मते जगातलं आदर्श लग्न: वांगं आणि हिरवी मिरची मुलाकडचे, कोथिंबीर मुलीकडची, कांद्याची पात आणि लसूण नुसतेच वऱ्हाडी. एकदा माझ्या मार्केटातल्या एका गुजराती मित्राकडे आम्हाला जेवायला बोलावलं होतं. त्यांनी प्रेमानं ओळो केला, म्हणजे भरीतच, पण त्यात टोमॅटो. साडूंचा हात ताटातच थांबला. “अहो, हे सगोत्र झालं!” मित्राला वाटलं, मीठ जास्त झालं. त्यानं ताक वाढलं. साडू मला हळूच म्हणाले, “वांग्याला टोमॅटो? सख्ख्या चुलतभावाशी सोयरीक? हे आपल्यात चालत नाही.” मला राहवलं नाही. “मग आपल्या प्रत्येक पंगतीतला वांगं-बटाटा रस्सा?” असं मी विचारलं. साडूंनी ताक संपवलं आणि हात धुतले. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी साडीचं नाव शोधत होतो तेव्हा फोन वाजला. “पाव्हणे, रश्श्याच्या फोडणीत जिरं असतं ना? ते मध्यस्थ. चालतं.” आणि फोन बंद.

जेवण झाल्यावर मुखवासाची डबी पुढं आली की त्यांचा चेहरा माहेरची माणसं भेटल्यासारखा होई. सुरतेत जेवणापेक्षा मुखवास चार मिनिटं जास्त चालतो, त्यामुळे हे शहर त्यांना मानवलं. वरियाळी म्हणजे बडीशेप, सुवा म्हणजे शेपूचं बी, भाजलेली धणाडाळ, वर चिमूटभर अजमो म्हणजे ओवा. “बघा, अख्खं गाजरे खानदान एका डबीत. आणि भांडण नाही!” तोतयांची मात्र त्यांना भयंकर चीड. रेल्वेरुळाच्या कडेला माजणारं गाजरगवत दिसलं की ते थांबून त्याचा अपमान करत. “आडनाव गाजऱ्यांचं लावतो, रक्त झेंडूच्या घरचं. साल्याला छत्री तरी आहे का?” माझ्या गॅलरीत एक जाड पानांचा ओवा होता. त्याच्या पानांची भजी करून मी पाहुण्यांना “घरचा ओवा” म्हणून खिलवत असे. साडूंनी एक पान तोडलं, दांडा चौकोनी आहे हे बोटांनी चाचपून दाखवलं आणि माझ्या सासूबाईंसमोर जाहीर केलं, “हा तुळशीकडचा. ओव्याचा आणि याचा काडीचा संबंध नाही. पाव्हण्यांना फसवलंय कुणीतरी.” सासूबाईंनी हातातलं भजं खाली ठेवलं. बारा वर्षं मी त्या कुंडीला पाणी घालत होतो.

तेव्हा अशा माणसानं, करोनाच्या साथीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, मला आपणहून फोन करून “पाव्हणे, रविवारी कामरेजकडं येता का, शेतं बघू,” असं म्हटल्यावर माझं काय झालं असेल याची कल्पना करा. इतकी वर्षं ते एकटे जात. मी बरोबर येतो म्हटलं की “तुम्ही साड्या बघा” म्हणत. आता ते मला स्कूटरवर मागं बसवून बांधाबांधानं फिरवू लागले. वांगेकर दिसले की स्वतः बोलत. कामोणीची काळी मण्यांएवढी फळं दाखवत, पोपटीचं फळ टोपीत अख्खं कसं झाकलेलं असतं ते उघडून दाखवत, पिवळ्या फळांची काटेरी भुईरिंगणी चपलेनं बाजूला सारून दाखवत. “हिच्या काढ्यानं खोकला जातो म्हणतात. पण काढा वैद्यानं करायचा. आपण फक्त राम राम करायचा.” गाजरे आले की मात्र ते स्वतः काही बोलत नसत. बी चोळत, तळहात माझ्या नाकाखाली धरत आणि अहिराणीत म्हणत, “सांगा भो, काय शे?” म्हणजे, काय आहे?

मी समजलो, परीक्षा आहे. आपल्याला शिष्य म्हणून निवडलंय. माझी छाती फुगली आणि अक्कल तिथंच संपली. कारण परीक्षेतली माझी एकच पद्धत मला शाळेपासून ठाऊक आहे: शेजारच्याकडे बघून लिहायचं. साडूंनी तळहात पुढं केला की मी श्वास घेतल्याचं नाटक करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघे. भुवई वर गेली तर “जिरं”. ओठ मिटले तर “शेपू”. कपाळाला आठी असली तर “जुनं आहे, वास उतरलाय”. आणि ते खूश दिसले की मीही खूश होऊन “वा! काय घमघमाट!” म्हणे. साडू मान डोलवत, खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहीत आणि पुढं चालू लागत. एकदाही त्यांनी मला चुकीचं ठरवलं नाही. मी बायकोला सांगितलं, “दाजी म्हणतात, माझं नाक जन्मजात आहे.” हे ते म्हणाले नव्हते, पण म्हणायच्या बेतात होते असं मला वाटत होतं.

विद्या अंगात भिनली की ती कुठून तरी बाहेर पडते. माझी तळमजल्यावरच्या बांच्या दारात पडली. बा म्हणजे आमच्या इमारतीतल्या सत्तरीच्या गुजराती आजी. त्यांनी एकदा खोकत खोकत फोन केला, “भाई, आवतां आवतां नानां नानां रींगणां लेतां आवजो ने.” आता नानां रींगणां म्हणजे लहान वांगी, हे सुरतेत जन्मलेल्या माझ्यासारख्या माणसाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं असतं. पण त्या महिन्यात मी साधा माणूस राहिलो नव्हतो. मला खोकला ऐकू आला, ‘रिंगणी’ ऐकू आली आणि डोक्यात साडूंचा आवाज घुमला. मी कॅनॉलच्या कडेला जाऊन अर्धा तास वाकून भुईरिंगणीचं अख्खं झुडूप उपटलं. दोन्ही हात रक्ताळले. शर्टाचा खिसा फाटला. ते काटेरी धन वर्तमानपत्रात गुंडाळून बांसमोर ठेवलं आणि मी पाच पाकळ्या, चोच आणि टोपी यांवर एक छोटंसं भाषण केलं. बांनी चष्मा लावून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “आनुं शाक केवी रीते थाय?” याची भाजी कशी करतात! शेवटी बांनी स्वतःच माझ्या हातांना हळद लावली. ज्यासाठी वांगी हवी होती ते उंधियुं, म्हणजे मिश्र भाजी, त्यांनी बटाट्यावर भागवलं. साडूंना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “झाड बरोबर ओळखलंत. बाई ओळखली नाहीत.”

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग साडूंची एकुलती एक लेक नंदुरबारहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि गोष्ट बाळंतशेपेवर आली. हे जरा समजून घ्यायला हवं. बाळंतशेप म्हणजे शेपूचं बी. आमच्याकडे बाळंतीण जेवणानंतर ती भाजलेली चघळते. दूध चांगलं येतं आणि पोटाला आराम पडतो असं मानतात. लिंबायतपासून उधन्यापर्यंत आमच्या नात्यात गेल्या वीस वर्षांत जेवढी बाळंतपणं झाली, त्या प्रत्येक घरी बाळंतशेपेची बरणी साडूंकडून गेली होती. कुणी मागायची नाही, कुणी पैसे द्यायचे नाहीत. सातवा महिना लागला की साडू कामरेजच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे जात, झुबके हुंगून निवडत, सावलीत वाळवत, पाखडत, आणि बाळंतिणीच्या आईच्या हातात बरणी ठेवून चहा न घेता परत येत. लोकांच्या पोरींसाठी वीस वर्षं हे केलेल्या माणसाच्या स्वतःच्या पोरीची आता पाळी होती. अख्खं नातं त्या बरणीकडे डोळे लावून बसलं होतं, आणि साडू तर दोन महिने आधीपासून तिच्यासाठी बरण्यांची झाकणं तपासत होते.

नेमकं त्याच वर्षी त्या शेतकऱ्यानं शेपू काढून ऊस लावला. साडू मला घेऊन जुन्या सुरतेतल्या दाणाबाजारात गेले. तीन दुकानं झाली. चौथ्या दुकानात पोतं उघडलं गेलं. बी चपटं, टपोरं, दोन्ही कडांना फिकट पंख, डोळ्याला निर्दोष. साडूंनी मूठभर चोळलं आणि तळहात माझ्या नाकाखाली धरला. त्यांची नजर त्या दिवशी वेगळी होती. ती नजर मी वाचली ती अशी: मास्तर आनंदात आहेत, शिष्यानं दाद द्यावी. म्हणून मी श्वास घेण्याचीही तसदी न घेता म्हणालो, “वा साडूभाऊ! काय घमघमाट! हीच घ्या.”

“नक्की?”

“डोळे मिटून घ्या.”

त्यांनी दोन किलो घेतली.

लेकीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझी थोरली मेहुणी, म्हणजे साडूंची बायको अक्का, शेप भाजायला बसली. आम्ही दोन्ही साडू बाहेरच्या खोलीत होतो. स्वयंपाकघरात माझी बायको, सासूबाई, दोन शेजारणी. शेप भाजली की घरभर वास सुटतो; तो आला की बाहेरचे पुरुष “झाली वाटतं” म्हणतात, असा रिवाज आहे. आम्ही वाट बघत होतो. कढईत बी हलत होतं, उलथन्याचा आवाज येत होता. वास येत नव्हता. मग उलथनंही थांबलं, आणि अक्का कढई हातात धरून दारात आली.

“हाई काय शे?” ती नवऱ्याला म्हणाली. “वास नही, चव नही! भुसा आणला का काय?”

सासूबाईंनी दोन दाणे चावले आणि निकाल दिला, की याचा अर्क कुणीतरी आधीच काढून घेतलेला आहे, आता हे बी म्हणजे पिळून झालेला ऊस. बाळंतिणीला अपाय काही नव्हता, पण उपयोगही शून्य. शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. वीस वर्षांची बरणी त्यांच्या डोळ्यांदेखत फुटली होती. आणि माझी बायको, जी आयुष्यभर दाजींच्या नावानं मला टोचत आली होती, ती हसत म्हणाली, “दाजी, नाक पण रिटायर झालं का?”

सगळे हसले. मीही हसलो, बायको दुसऱ्याला टोचते तेव्हा मला आवरत नाही. मग माझी नजर साडूंकडे गेली आणि हसू तोंडातच राहिलं. ते माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी त्यांनी एक शब्द उच्चारला असता, “पाव्हण्यांनी पसंत केली,” एवढाच, तरी माझं पुढचं आयुष्य त्या कढईत गेलं असतं. ते उठले. “माझी चूक,” म्हणाले. “घाईत घेतली.” आणि चपला न घालता जिना चढून गच्चीवर गेले.

मी मागोमाग गेलो. गच्चीवर कुणाच्या तरी मिरच्या वाळत होत्या. साडू त्यांच्याकडे पाठ करून उभे होते.

“साडूभाऊ, माझं नाव का नाही सांगितलंत?”

“तुमची काय चूक? तुम्ही पाव्हणे. चूक ओळखणाऱ्याची.” मग म्हणाले, “माले वासच येत नही, भो.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. साथीत ताप आला, वास गेला. सगळ्यांचाच गेला होता. सगळ्यांचा परत आला. त्यांचा नाही आला. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. त्यांनी वाट बघितली. दररोज सकाळी अक्का उठण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन ते हिंगाची डबी उघडत आणि हुंगत. काहीच नाही. अक्काला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. “लोक पानं घेऊन येतात. दाजी, हे काय, ते काय. त्यांना काय सांगू? म्हणून तुम्हाला घेऊन जात होतो. तुम्ही वास घ्यायचे, मी लिहून घ्यायचो.”

म्हणजे ती परीक्षा नव्हतीच. तो आंधळ्यानं धरलेला हात होता, आणि तो हात धरून मी त्याला खड्ड्यांतून हिंडवत होतो. ज्याच्या पेपरात बघून मी तीन हिवाळे उत्तरं लिहिली, तो पेपर कोरा होता.

आयुष्यात मी अनेकदा मूर्खपणा केला आणि बऱ्याचदा तो विनोद म्हणून खपवला. हा खपवता येईना. मी सगळं सांगून टाकलं. भुवई, ओठ, कपाळावरची आठी, सगळं. मी एकदाही नीट वास घेतला नव्हता हेही सांगितलं. साडू वळले. मला वाटलं, आता हे वाळत घातलेल्या मिरच्या माझ्या डोळ्यांत घालतात.

“म्हणजे तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होतात?”

“हो.”

“आणि मी तुमच्या.” त्यांनी खिशातून ती छोटी वही काढली, दोन पानं उलटली. “कामरेज, कॅनॉलची उजवी बाजू, जिरे. तिथं जिरे होते?”

“देव जाणे.”

साडू हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ते मटकन खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसणं संपल्यावरही पाणी थांबायला थोडा वेळ लागला. मी मिरच्यांकडे बघत राहिलो. वांगेकर, म्हणून बघून चालत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा दाणाबाजारात गेलो. या खेपेला साडूंनी बी चोळलं, तळहात पुढं धरला आणि तोंड फिरवून उभे राहिले. आधाराला काहीच न उरल्यामुळे मी श्वास घेतला. पहिल्या दुकानातल्या शेपेला ओल्या पोत्याचा वास होता. दुसऱ्या दुकानात ओवा शेजारी ठेवलेला, त्यानं मला सहा शिंका आल्या आणि दुकानदारानं गल्ला झाकला. पाचव्या दुकानात मात्र नाकात काहीतरी गार, गोडसर आणि जरा कडवट असं शिरलं आणि मला अचानक आईनं केलेली शेपूची भाजी आठवली, जी मी लहानपणी ताटाखाली लपवत असे. “साडूभाऊ, ताटाखालचा वास येतोय,” मी म्हणालो. दुकानदारानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. साडूंनी अर्ध्या मिनिटात सौदा पक्का केला. त्या दुपारी अक्काच्या कढईतून वास घराबाहेर पडून जिन्यापर्यंत आला, आणि बाहेरच्या खोलीत मी जरा मोठ्यानंच म्हणालो, “झाली वाटतं!” साडूंनी मान हलवली, जणू त्यांनाही आत्ताच कळलं.

घरच्यांना त्यांनी नंतर सावकाश सांगितलं. मी हे लिहिणार म्हटल्यावर त्यांची एकच अट होती. “वास येत नाही असं लिहा. ओळखता येत नाही असं लिहू नका.” ते मी लिहिलं आहे. अजूनही रविवारी आम्ही जातो. वहीतली जुनी पानं त्यांनी एका मोठ्या फुलीनं खोडली आहेत, आणि माझी प्रगती मंद आहे. धने आणि जिरे यांत मी अजून तीनदा नापास झालो. बायको आता मला दाजींचं उदाहरण देत नाही; “दोघं मिळून एक नाक” असं म्हणते.

पण परवाची गोष्ट सांगून थांबतो. नातीला सव्वा महिना व्हायचा होता. सकाळी अंघोळ झाली, अक्कानं निखाऱ्यावर ओवा टाकून तिला धुरी दिली आणि दुपट्यात गुंडाळून साडूंच्या मांडीवर दिली. बायका आत होत्या. साडू बराच वेळ त्या पोरीच्या डोक्यावर नाक टेकवून बसले होते. मग त्यांनी मान वर केली आणि मला जवळ बोलावलं.

“पाव्हणे, वास घ्या. आणि सांगा.”

मी सवयीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मी वाकलो. तिच्या टाळूवर केस म्हणजे नुसती लव होती आणि त्याखाली काहीतरी हळू हळू उडत होतं. मी श्वास घेतला. “ओव्याचा धूर आहे,” मी म्हणालो. “तेल आहे. खोबऱ्याचं नाही, तिळाचं असेल. दूध आहे, जरासं आंबट.”

“आणि?”

“आणि खाली आणखी एक आहे.” मी पुन्हा वास घेतला. तो होता, नक्की होता, कोमट होता, पण मी कितीही शोधलं तरी त्याला नाव सापडेना. खोटं सांगायला माझ्याकडे दहा नावं तयार होती. “तो कसला आहे ते मला सांगता येत नाही, साडूभाऊ.”

साडूंनी डोळे मिटूनच मांडीवरच्या पोरीचं दुपटं सारखं केलं.

“हां,” ते म्हणाले. “तोच विचारत होतो. घ्या, अजून एकदा घ्या. हळू, ती जागी होईल.”